ऊन काचेच्या बाहेरच अडवा

जेवणं आटोपली असतील, भांडी घासून रेडिओ लावला असेल. आज हप्ता, व्याज, ऑडिट यातलं काही काढणार नाही. आज खिडकीविषयी बोलायचं आहे. तीही भाड्याच्या खोलीतल्या खिडकीविषयी, जिथं एक खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारावं लागतं.

विषय कसा निघाला ते सांगते. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या गटातल्या एका ताईकडे मी दुपारी चार वाजता गेले होते. दोन हप्ते थकले होते, ते विचारायला. ही ताई शिलाई करते. गावात काम मिळेना म्हणून तालुक्याला आली आणि बाजाराच्या मागं तळमजल्यावर एक खोली भाड्यानं घेतली. लग्नसराईचे ब्लाउज, फॉल-पिको, यावर तिचं घर चालतं. तेव्हा तिला सातवा महिना होता. खोलीला एकच मोठी खिडकी, चार बाय तीन फुटांची, काचेची, आणि तोंड पश्चिमेला. उजेड पाहिजे म्हणून मशीन त्याच खिडकीशी लावलेली.

मी दहा मिनिटं बसले असेन. पंखा फिरत होता, पण चुलीसमोर बसल्यावर लागते तशी झळ अंगावर येत होती. मशीनच्या लोखंडावर हात ठेवला तर पटकन मागं घेतला. ती म्हणाली, "ताई, दोन वाजले की मशीन सोडावीच लागते. परवा चक्कर आली, कशीबशी भिंतीला धरून बसली. सकाळी पाणी भरणं, स्वयंपाक. दुपारी हे असं. मग ब्लाउज कधी शिवू आन् हप्ता कुठून भरू?"

हप्ता मागायला गेलेली मी पाणी पिऊन परत आले.

त्या महिन्याच्या बैठकीत हा विषय काढला. एक-दोघींचं म्हणणं पडलं की उन्हाळा सगळ्यांनाच असतो, दंड माफ केला तर उद्या दुसरीही मागेल. बोलणं बरंच झालं. शेवटी कुक्कुटपालन करणारी आमची एक मावशी म्हणाली, "कोंबड्यांच्या शेडला आपण जाळी लावतो, पोती सोडतो. बाईच्या खोलीला काहून लावत नाही?" हे कुणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही. तिच्याकडे पिल्लांच्या शेडमध्ये टांगायचा थर्मामीटर होता, तोही तिनं देऊ केला.

आता मूळ गोष्ट समजून घेऊ, कारण ती नीट कळली तर पुढचं तुमचं तुम्हीच ठरवू शकाल.

ऊन काचेतून सरळ आत येतं. आत आलं की ते फरशीवर, भिंतीवर, पलंगावर पडतं आणि त्या वस्तू तापतात. तापलेल्या वस्तूंमधून निघणारी उष्णता मात्र काचेतून तशी बाहेर जात नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद जीपमध्ये शिरल्यावर जसं होतं, तसंच. चार बाय तीनच्या खिडकीतून चार वाजताचं पश्चिमेचं ऊन थेट आत येत असेल, तर अंदाजे ५०० वॅट उष्णता त्यातून आत येते. घरातली साधी इस्त्री ७५० ते १००० वॅटची असते. म्हणजे खोलीत कुणीतरी अर्ध्या जोरावर इस्त्री चालू करून ठेवली आहे आणि ती दोन वाजल्यापासून दिवस मावळेपर्यंत बंदच होत नाही, असं समजा.

यावर आपण काय करतो? आतून पडदा लावतो. मीही तेच केलं होतं. माझी खोली वरच्या मजल्यावर, तिलाही पश्चिमेची खिडकी. दोन वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेनं जाड, जवळजवळ काळा पडदा शिवून घेतला. अंधार छान झाला, उकाडा तसाच. एक दिवस पडद्याला हात लावला तर तो तव्यासारखा तापलेला. काचेतून ऊन आत आलं, पडद्यावर पडलं, पडदा तापला आणि ती सगळी उष्णता त्यानं खोलीतच सोडली. ऊन दिसायचं थांबलं, एवढाच फायदा. शिलाईचे पैसे गेले ते वेगळेच.

म्हणून पहिली गोष्ट ही की आडोसा काचेच्या बाहेर पाहिजे. बाहेर लावलेली जाळी, चटई, साडी तापली तरी तिची उष्णता बाहेरच्या वाऱ्याबरोबर जाते. तो आडोसा काचेला चिकटवू नका. मध्ये वीतभर जागा सोडा आणि वरून-खालून मोकळं ठेवा, म्हणजे मधली गरम हवा वरून निघून जाईल.

कोणत्या खिडकीला आधी करायचं, हेही बघा. सगळ्या खिडक्या झाकायची गरज नसते, पैसेही नसतात. आपल्याकडे वर्धा-नागपूर-चंद्रपूर भागात मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्यामुळे उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून थेट ऊन फारसं येत नाही. वर हातभर छज्जा असला की काम भागतं. हिवाळ्यात त्याच खिडकीतून ऊन घरात लांबवर येतं, आपण त्यात बसून तांदूळ निवडतो, म्हणून आपल्याला वाटतं ती खिडकी उन्हाची. उन्हाळ्यात खरा ताप पूर्व आणि पश्चिमेचा. सकाळ-संध्याकाळ सूर्य खाली असतो, छज्जाच्या खालून ऊन सरळ आत घुसतं. त्यातही पश्चिमेची खिडकी जास्त वाईट, कारण तिचं ऊन येतं तेव्हा भिंती, स्लॅब, हवा सगळं आधीच तापलेलं असतं. पैसे एकाच खिडकीपुरते असतील तर पश्चिमेची धरा.

ताईच्या खोलीला आम्ही काय केलं, तर रोपवाटिकेला लावतात ती हिरवी जाळी आणली. ती टक्क्यांवर मिळते, म्हणजे किती ऊन अडवते त्यावर. ५० टक्क्यांची विरळ असते, आम्ही ७५ ची घेतली. ९० ची घेतली असती तर शिवायला उजेड राहिला नसता. मीटरवर कापून मिळते. जाळी, सुतळी मिळून २४० रुपये लागले, ते गटाच्या खर्चातून नव्हे, आम्ही सहा जणींनी वर्गणी केली. खिडकीला बाहेरून लोखंडी गज होते. वरच्या गजाला दोन आडवे बांबू सुतळीनं असे बांधले की त्यांची टोकं पुढं आली, आणि त्यावर जाळी सोडली. म्हणजे काच आणि जाळी यांच्यात अंतर राहिलं. जाळीवर तिची जुनी पांढरी सुती साडी दुहेरी करून टाकली, ती फक्त दोन ते सहा. बाकी वेळ गुंडाळून वर. एकही खिळा नाही.

थर्मामीटर मशीनच्या वर, सावलीत टांगला होता. जाळी नसताना चार वाजता तो ४२ दाखवत होता. जाळी-साडी लावल्यावर दोन दिवसांनी त्याच वेळी ३८, आणि बाहेर ऊन तसंच. हा काही प्रयोगशाळेतला प्रयोग नाही. एक खोली, एक खिडकी, दोन दुपारी. ३८ म्हणजे थंडही नव्हे. पण ताईचं म्हणणं असं, की पाठीवरची झळ गेली आणि फरशीवर पाय ठेवता येऊ लागला.

जाळी नको असेल तर पर्याय पुष्कळ आहेत. बुरडाकडे बांबूचे तट्टे मिळतात, ते सगळ्यात टिकाऊ आणि त्यातून वाराही येतो. खताची पांढरी पोती, आपल्याकडच्या चुंगड्या, उसवून एकमेकांना शिवल्या की चालतात, पण उन्हानं एका हंगामात त्यांचा भुगा होतो आणि तो अन्नात, डोळ्यात जातो. आधी धुऊनही घ्यायला पाहिजेत. गोणपाट चांगला. रंगाचं म्हणाल तर बाहेरची बाजू पांढरी किंवा फिकी असावी, ती ऊन परतवते. काळी ताडपत्री लावू नका, ती वाराही अडवते.

काचेवर पांढरा हात फिरवणं हाही एक उपाय आहे. काचगृहात फुलं लावणारे उन्हाळ्यात काचेवर पांढरं फासतात, तेच. खडूची भुकटी भाताच्या पातळ पेजेत कालवायची आणि काचेच्या बाहेरून कापडानं पुसट लावायची. उजेड येतो, ऊन फुटून येतं. ओल्या फडक्यानं निघतं, म्हणून भाड्याच्या घराला बरं. चुना मात्र काचेला लावू नका. डोळ्यात गेला तर वाईट, आणि काचेवर बरेच दिवस राहिला तर डाग पडतात.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बायांनो, तुमचं आणि माझं दुखणं एक. बाहेर हात पोचत नाही. खिडकीतून वाकून काही बांधायला जाऊ नका, एका पडद्यासाठी जीव टांगणीला लावायचा नाही. गजातून हात घालून बांधता आलं तर बांधा. गज नसतील तर आतूनच करायचं, पण काळा पडदा नाही. मी आता असं करते: किराणा दुकानातून मोठ्या खोक्याचा पुठ्ठा आणला, खिडकीच्या मापाचा कापला, त्याच्या एका बाजूला पोळ्या गुंडाळायची चकचकीत पन्नी खळीनं चिकटवली. चकचकीत बाजू काचेकडे. ऊन आत येतं, पन्नीवर पडतं आणि त्यातलं बरंचसं आल्या वाटेनं काचेतून परत जातं. बाहेरच्या जाळीइतका गुण येत नाही, पण त्या काळ्या पडद्यापेक्षा कितीतरी बरा. पन्नी थेट काचेवर चिकटवू नका, काच एकाच जागी फार तापून तडकू शकते आणि भरून द्यावी लागते आपल्याला. पुठ्ठा बोटभर मागं उभा करा. संध्याकाळी काढून पलंगाखाली सरकवला की झालं. स्वयंपाकाच्या ओट्याजवळच्या खिडकीला मात्र पुठ्ठा, साडी, पोतं काहीच नको. तिथं आगीची भीती असते आणि धूर-वाफ जायला वाटही लागते.

आता ओल्या पडद्याचं. पुष्कळ जणी चादर ओली करून खिडकीला लावतात. मीही लावली होती, खिडकी बंद करून. तासाभरात खोली अशी चिकट झाली की पंखाही नकोसा वाटला. पाणी सुकताना हवेतली उष्णता ओढून घेतं, म्हणून गार वाटतं. पण त्यासाठी कोरडा वारा ओल्या कापडातून आत यावा लागतो आणि समोरून बाहेर जायलाही वाट लागते. वाळ्याच्या ताट्या याच तत्त्वावर. एप्रिल-मेमध्ये आपली हवा कोरडी असते म्हणून इथं त्यांचा गुण येतो. कोकणातल्या दमट हवेत तसा येणार नाही, आणि आपल्याकडेही पहिला पाऊस पडला की ताटी काढून ठेवायची. ज्या गावात टँकर येतो, तिथं मी ताटीवर पाणी मारायला सांगणार नाही.

कूलरचंही तसंच. कूलर लावून दारं-खिडक्या गच्च बंद करणाऱ्या घरात मी कितीदा गेले आहे. कूलर खिडकीशी, बाहेरची हवा ओढेल असा ठेवा आणि समोरची खिडकी किंवा दार चार बोटं उघडं ठेवा. आतल्या आत तीच हवा फिरली तर फक्त ओल वाढते.

खिडकी कधी उघडायची, कधी लावायची, यात एक रुपयाही लागत नाही, तरी आपण तिथंच चुकतो. "हवा येऊ दे" म्हणून भर दुपारी खिडक्या उघड्या ठेवल्या की ४४-४५ अंशाची हवा आपणच घरात बोलावतो. साधी खूण सांगते. सकाळी खिडकीत हात धरा. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम लागायला लागली की खिडक्या लावून घ्या. आपल्याकडे मेमध्ये ती वेळ आठ-नऊच्या आतच येते. दिवस मावळल्यावर पुन्हा हात धरा, बाहेर गार लागलं की सगळं उघडा. टिनाच्या खोलीत ही वेळ लवकर येते, कारण टिन आत आग ओकत असतं. रात्रभर उघडं राहिलं तर भिंती निवतात आणि दुसऱ्या दिवसाची सुरुवात तरी बरी होते.

हे बोलायला सोपं आहे. रात्री खिडकी उघडी ठेवून झोपायची भीती वाटते, हे मला ठाऊक आहे. एकटी बाई असेल, वयात आलेली मुलगी असेल, तर कोणती आई तळमजल्याची खिडकी उघडी टाकेल? त्या ताईचा नवरा बाहेरगावी कामाला, ती रात्री सगळं बंद करून झोपायची. आम्ही खिडकीची फक्त वरची झडप उघडी ठेवली, तिला मच्छरदाणीची जुनी जाळी शिवली आणि खालच्या अर्ध्या भागाला आतून पातळ साडी लावली. रस्त्यावरून आतलं दिसत नाही, वारा येतो. गज नसलेल्या खिडकीला मात्र हा उपाय मी सांगणार नाही.

घरमालकाशी कसं बोलायचं, यावर बायांचे मला फार प्रश्न येतात. ताईचा घरमालक आधी नाहीच म्हणाला. त्याची भीती अशी की खिळ्यानं भिंत फुटेल, गजाला गंज चढेल, आणि समोरून घर झोपडीसारखं दिसेल. त्याचंही खोटं नव्हतं. आम्ही दोघी गेलो, तिला एकटीला पाठवलं नाही. सांगितलं की खिळा नाही, सुतळी आहे. पोतं नाही, जाळी आहे. पाऊस लागला की काढून ठेवू. काय लावणार ते आधी दाखवलं. तेव्हा तो "बरं" म्हणाला. छतावर चुना मारू द्या, आम्ही मारतो, असंही विचारलं. पांढरं छत कमी तापतं. अहमदाबाद शहरानं २०१३ साली उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला, त्यानंतर तिथं वस्त्यांमधली छतं पांढरी करण्याचं काम झालं. पण छताला तो तयार झाला नाही, "पुढच्या वर्षी पाहू" म्हणाला. पुढचं वर्ष म्हणजे हेच, मी पुन्हा जाणार आहे. तुमच्यातल्या काही जणी स्वतः खोल्या भाड्यानं देतात. त्यांनीही हे ऐकलं असेल, एवढंच म्हणते.

टिनाची खोली असेल तर एक खरं सांगायला पाहिजे. तिथं खिडकीपेक्षा छत जास्त तापवतं. खिडकी झाकून फरक पडेल, पण थोडा. दुपारी दोन ते पाच त्या खोलीत म्हातारं माणूस, बाळ किंवा गरोदर बाई ठेवू नका. शेजारची स्लॅबची खोली, समाजमंदिर, झाडाची सावली, जे असेल तिथं न्या. हवा ४० च्या वर गेली की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. तेव्हा अंग ओल्या फडक्यानं पुसायचं. कुणी बरळायला लागलं, अंग तापलेलं आणि शुद्ध हरपत असेल, तर ते साधं ऊन लागणं नव्हे. सावलीत आणून अंगावर पाणी घाला, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. ती गाडी फुकट येते. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी किंवा कांद्याचा रस घालू नका.

जाळी लावणार असाल तर चारही टोकं बांधा. मेमध्ये संध्याकाळी वावधान सुटतं, सैल जाळी गजांवर आपटून काच फोडते. आभाळ भरून आलं की गुंडाळून ठेवायची. आणि खिडकीखाली मातीची जागा असेल तर फेब्रुवारीत दोडक्याचं बी लावा, सुतळीवर वेल चढवा, भांड्याचं पाणी द्या. या वर्षासाठी उशीर झाला, पुढच्या वर्षी आठवण ठेवा.

त्या ताईनं मागच्या मेमध्ये शिलाईची वेळही बदलली. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी सहानंतर मशीन, दुपारी बसून हूक-बटणं. लग्नाचे सगळे ब्लाउज वेळेवर गेले नाहीत, तीन परत गेले. दोन हप्ते तिनं जुलैत भरले. दंडाचं मतदान झालं, दोन जणी विरोधात होत्या, बाकीच्यांनी माफ केला. जूनमध्ये मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मागच्या आठवड्यात मी गेले तेव्हा जाळी आधीच लागली होती आणि तिच्या सावलीत पाळणा होता.

मावशीचा थर्मामीटर आता गटाच्या पेटीत असतो. ज्यांना आपली खोली मोजून बघायची असेल त्यांनी शुक्रवारच्या बैठकीत नाव द्या, दोन-दोन दिवसांसाठी देऊ. येताना खिडकीचं माप घेऊन या, लांबी-रुंदी फुटांत, आणि खिडकीचं तोंड कुठल्या दिशेला ते. जाळी एकत्र आणली तर दुकानदार भावात थोडं कमी करतो.